कतल्याच्या पोटाचा तुकडा

"अवं, त्या माशाले कायले कोरून राह्यली? मेला ना तो!" तांड्यावरून बाजाराला आलेल्या भुरीबाईंनी काठी आपटली.

आर्णीच्या बाजारात जुबैदाच्या मासळीच्या दुकानापुढे तिची पोरगी नाहिद माशांचे तुकडे कापून छोट्या पिशव्यांत भरत होती.

"कॉलेजचं काम हाय, आजी. मास वाळवाचं, त्यातलं तेल काढाचं अन् तोलाचं. कोणत्या माशात किती चरबी, ते पाहाचं."

"त्याच्यासाठी यवतमाळले जातेस? आण इकडे."

भुरीबाईंनी अंगठ्याने एकेकाचं पोट दाबलं. "हा मरळ, कोरडा. दुखणाइताले द्याचा. रोहू मधला. अन् हा कतला, याचं पोट पाय. रश्शावर तवंग येते तो फोडणीचा नाही, याच्या अंगचा."

नाहिदने वही उघडली आणि ती हसायलाच लागली. मागच्या खेपेचे आकडे त्याच क्रमाने होते. "अम्मी, पाय! आजीचा अंगठा मशीनवानी बोलते."

भुरीबाईंची मान ताठ झाली. "मंग? दोन बुकं शिकली असती तं तुलेच शिकवलं असतं. पण चार वर्सं कतला घरात येऊ नाही देल्ला म्या. तुह्या आजोबाची छाती दुखली, डॉक्टर म्हणे चरबी बंद. बंद म्हंजे बंद! मरळ उकडून देत जाओ, तेलाचा थेंब नाही."

नाहिदचा हात थांबला. "पण आजी, ते तं मटणाची, तळणाची चरबी म्हणत असन. माशाची येगळी. छातीच्या दुखण्याले उलटी चांगली म्हणते. डॉक्टरले इचारलं नाही का?"

जुबैदाने पोरीला कोपराने ढोसलं. पण शब्द निघून गेला होता.

इचारलं नाही का. भुरीबाईंचे मालक नेमसिंग हेच म्हणायचे. दर बाजाराच्या दिवशी चुलीवरचं झाकण उचलून बघायचे. "मासा हाय का निस्तं पाणी? डॉक्टरले एक डाव इचारून तं पाय."

"मले इचारा लागते? मी का येडी हाव?" भुरीबाई फटकारायच्या.

जाण्याआधीच्या शेवटच्या महिन्यात नेमसिंगांनी झाकण उचलणंच सोडलं होतं.

"कतला दे," भुरीबाई म्हणाल्या. "अख्खा."

"एकटीले एवढा?"

"तुले इकाचा हाय का नाही?"

तांड्यावर दुपार सुनसान होती. पोरगा बबलू बायकोपोरांना घेऊन पुण्याला गेलेला. त्याच्या दाराला कुलूप. भुरीबाईंनी मासा निवडला, मसाला वाटला, रस्सा चढवला. उकळी आली तसा तवंग सुटला, पिवळाजर्द. त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं आणि तो पदरात पुसला.

सणावाराला पितरांच्या नावाने निखाऱ्यावर घास टाकायची रीत. टाकायचा तो पुरुषाने. आज ना सण होता, ना घरात पुरुष. भुरीबाईंनी चुलीतले निखारे पुढे ओढले आणि पोटाचा सगळ्यात जाड तुकडा त्यांवर ठेवला. चरबी वितळली, चरचरली, मग एकदम भडकली.

"इचारलं हो म्या," त्या हळूच म्हणाल्या. "चालते म्हणे."

जाळ विझला. तुकडा काळा होईपर्यंत त्या तिथेच बसून राहिल्या. रश्शावर झाकण ठेवलं नाही.