बाह्या राहिलेला ब्लाऊज

एस्थरमावशीने रोह्याजवळच्या अष्टमी गावात तीस वर्षं शिवणकाम केलं. त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर ती आपल्या मुलाकडे, डेव्हिडकडे, इस्रायलला कायमची जाणार होती. माझं घर तिच्या शेजारीच. शाळा सुटली की मी तिला बांधाबांध करू लागायची. भांडी, कपाट, खुर्च्या, सगळ्यांची सोय लागली. राहिली ती माळ्यावरची ट्रंक.

ती खाली उतरवताना दोघींनाही धाप लागली. तळाशी उरलेल्या कापडाचे तुकडे आणि वर अर्धवट शिवलेले कपडे. कुणी शिवायला टाकून परत फिरकलं नव्हतं, कुणी गाव सोडून गेलं होतं. प्रत्येकाला टाचणीने नावाची चिठ्ठी लावलेली.

"भंगारवाल्याला देऊन टाका," मी म्हणाले.

"माझं कुठे हाय ते? लोकांचं कापड हाय, श्यामल."

"पण आता कुणाच्या अंगाला होणार?"

"अंगाला नाय व्हणार. घराला व्हईल."

आणि महिनाभर तिचं मशीन पुन्हा चालू राहिलं. पेणला लग्न होऊन गेलेल्या शीराच्या परकराचे उशीचे अभ्रे झाले. शाळेच्या गणवेशांच्या निळ्या तुकड्यांची जाड पायपुसणी झाली. नागोठण्याला कंपनीत लागलेल्या महिपतीची पँट सहा वर्षं पडून होती, तिची तिने डब्याची पिशवी केली. महिपती सुट्टीच्या दिवशी येऊन ती उलटसुलट करून बघत राहिला. "मावशी, हा खिसा माझाच ना?" म्हणाला, आणि त्यात हात घालून हसत गेला.

शेवटी एकच कपडा राहिला. डाळिंबी सॅटिनचा ब्लाऊज, बाह्या बसवायच्या राहिलेला. चिठ्ठीवर नाव होतं जनी.

जनी मासळी विकायची. रोज सकाळी टोपली घेऊन पूल ओलांडून रोह्याच्या बाजारात जायची. जाताना मावशीच्या दारी थांबायची आणि मावशीच्या ज्यू धर्मात चालणारी, खवल्यांचीच मासळी निवडून द्यायची. पंधरा वर्षांपूर्वी तिचं लग्न ठरलं होतं. हळदीला आठ दिवस असताना नवऱ्यामुलाने मुंबईत दुसरीशीच लग्न केलं. जनीने पुन्हा लग्नाचं नाव काढलं नाही. भावाची मुलं वाढवली.

मावशीने तो ब्लाऊज कापायला दोनदा कात्री उचलली आणि दोनदा खाली ठेवली. "हिला विचारल्याबिगर नाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जनी आली. मावशीने ब्लाऊज तिच्यासमोर धरला. जनीने टोपली उतरवली. पदराला हात पुसले, पण कापडाला हात लावला नाही.

"हा अजून ठेवलास तू?"

"तुझं कापड, मी कसं टाकू गो?"

"मी सांगितलेलं जाळ म्हणून."

"रडत सांगितलेलंस. रडताना सांगितलेलं मी ऐकत नाय."

जनी ओट्यावर बसली. मग तिने ब्लाऊज घेतला आणि स्वतःच्या छातीला लावून पाहिला. मधे वीतभर कापड कमी पडत होतं. "बघ गो," ती मला म्हणाली, "केवढीशी होते मी." तिचे डोळे भरले होते, पण आवाज नीट होता.

"काय करू याचं?" मावशीने विचारलं. "उशी करू? देव्हाऱ्यात घालायला काय करू?"

"देवाला कशाला? मला चुंबळ करून दे. माझी फाटली हाय."

"डोक्यावर ठेवायची? टोपलीखाली? मासळीचं पाणी लागेल गो त्याला."

"लागू दे."

"सॅटिन घसरतं."

"तू शिवणारी ना? घसरणार नाय अशी कर."

मावशीने दोन दिवस खटपट केली. आधी मांजरपाटाचे दोन पट्टे आणि सॅटिनचा एक, अशी घट्ट वेणी घातली. तिचं कडं करून आत चिंध्या ठासल्या. खालून खरखरीत कापड लावलं. स्वतःच्या डोक्यावर चुंबळ ठेवून, वर पाण्याची कळशी घेऊन ती अंगणात चार फेऱ्या मारून आली. ती चौसष्ट वर्षांची, आणि मी मागे हात पसरून, कळशी पडेल या भीतीने.

जनीने चुंबळ नेली, आणि बाजारातल्या बायकांनी चौकशा केल्या. त्या आठवड्यात आणखी पाच जणी आल्या. त्यांच्या चुंबळी करता करता उरलेले तुकडे संपले, ट्रंकेचा तळ दिसला.

नोव्हेंबरात मावशी गेली. एसटी स्टँडवर जनी मासे विकायचे सोडून आली होती. "तिथली मासळी बघून घे," एवढंच जनी म्हणाली. मावशीने तिच्या गालावरून हात फिरवला आणि गाडीत चढली.

मशीन ती माझ्याकडे ठेवून गेली. मला शिवायला येत नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात जनी दारात येऊन म्हणाली, "बाय, चुंबळ कुजली. टाकली मी. दुसरी दे."

माझा जीव हळहळला. तिचा नाही. मी जुन्या साडीची एक शिवली. एका बाजूला जाड, एका बाजूला बारीक झाली. जनीने ती डोक्यावर ठेवली, मान दोन्हीकडे वळवून बघितली आणि म्हणाली, "चालंल. पुढची बरी व्हईल." आणि टोपली उचलायला मला हात लावायला सांगितलं.