दगड उचलतानाचा आवाज

टिंग!

कपाटातला एक हँगर दुसऱ्यावर आपटला आणि दोन मिनिटं जीव मुठीत धरून सांभाळलेली शांतता फुटली. रजयांच्या मध्ये उकिडवी बसलेल्या तिनं कपाळाला हात लावला. झालं, पुन्हा पहिल्यापासून! दुपारी लेक झोपली की मिळणारा तासभर, कपडे आवाज पितात म्हणून स्टुडिओ केलेलं हे कपाट, आणि गुडघ्यावर यादी: उडी मारणं, पडणं, वार लागणं, जड दगड उचलणं.

ती आवाजाची कलाकार. एका व्हिडिओ गेममधल्या लढवय्या नायिकेला आवाज द्यायचा होता. बोलायचं काहीच नाही, नुसते हुंकार. लेक झाल्यानंतर तीन वर्षांनी हाती आलेलं हे पहिलं काम, आणि गेमवाल्या साहेबांनी ते दोनदा परत पाठवलं होतं. "मॅडम, लागलं तरी गोड वाटायला हवं. एकदा अजून बघू, नाहीतर दुसरं कुणी शोधतो."

"भाल्याचा वार झाल्यावर गोड म्हणे!" ती पुटपुटली.

"कुणाशी भांडतेस गं?" दार उघडून सासूबाईंनी डोकावलं. तीस वर्षं इस्पितळात आया म्हणून राबलेल्या. नोकरी संपली, तरी मनगटं तीच. सगळी कर्मकहाणी ऐकून त्यांनी तिचा दगड उचलतानाचा हुंकार लावायला सांगितला. कान देऊन ऐकला.

"ही दगड उचलतेय की उशी?"

तिला हसू आवरेना. लेक उठेल म्हणून तिनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. "मग तुम्ही करून दाखवा ना, अहो आई!"

"नुसतं कसं करू? काहीतरी उचलायला दे."

नाटक त्यांच्या रक्तातच नव्हतं. कोपऱ्यातलं लोखंडी शिलाई मशीन त्यांनी हेरलं, पदर खोचला, खाली बसल्या. "गुडघ्यातून उचलायचं, कंबरेतून नाही." श्वास पोटात गेला.

"हुप्प्!"

मशीन वीतभर अधांतरी! कपाटाचं दार उघडं होतं, माइकही चालू.

तिच्या अंगावर काटा आला. ना गोडवा, ना आव. जड दाराची कडी नेमकी बसावी, तसा आवाज.

"हे ओरडणं नव्हे बरं का," मशीन अलगद टेकवत सासूबाई म्हणाल्या. "खाटेवरून माणूस स्ट्रेचरवर घ्यायचा, तर एकीनं डोक्याकडून धरायचं, दुसरीनं पायाकडून. 'आता!' हे समोरचीला कळायला नको? जरा पुढंमागं झालं की त्या बिचाऱ्याचे हाल. माझी जोडीदारीण केव्हाच गेली, पण तोंडातून अजून निघतंच."

गादी उलटताना, धान्याचा डबा सरकवताना, नातीला टबातून काढताना, पाच वर्षं हा आवाज घरात घुमत होता. तिला वाटायचं, वय बोलतंय. किती माणसं या एका आवाजावर तरंगली असतील!

त्याच दिवशी तिनं सासूबाईंचा तो आवाज नायिकेच्या नावानं पाठवला. सोबत, भीत भीत, आपले नव्यानं केलेले गोड हुंकारही जोडले.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "मॅडम, कमाल! कोण हा पहिलवान?"

"माझ्या सासूबाई."

पलीकडे खदाखदा हसणं. "भारीच! पण नायिकेला नाही चालायचं हो. आपल्या दाढीवाल्या योद्ध्याला देऊ. नायिकेला तुमचे गोडच राहू देत, या खेपेला जमलेत."

"पण दगड तर तीही उचलते ना?"

"उचलते. पण छान दिसत उचलते. खेळणारी पोरं असतात, मॅडम. बाजार आम्हाला कळतो. बोला, काम करायचं ना?"

सासूबाई समोरच नातीची वेणी घालत होत्या.

"बरं," ती म्हणाली. अगदी उशी उचलल्यासारखं.

सासूबाईंना सांगताना तिची मान वर होईना. त्या मात्र हसल्या. "कुणाच्या का तोंडून, दगड उचलला गेला ना? मग झालं!"

महिन्याभरानं गेम आला. लेकीला मांडीवर घेऊन ती पडद्यापुढं बसली, सासूबाई पाठीशी उभ्या. दाढीवाला योद्धा दगडापाशी वाकला.

"कंबरेतून वाकतोय मेला!" सासूबाई कळवळल्या. "पाठ धरेल त्याची!"

"हुप्प्!"

"आजी!" लेकीनं टाळ्या पिटल्या. "आजीनं उचलला!"

मग नायिका आली. नाजूक हुंकारली, दगड उचलला. लेकीनं ढुंकूनही पाहिलं नाही. आईचा आवाज तिला ओळखूच आला नाही. तिनं पुन्हा योद्ध्याला बोलावलं, पडद्यावर त्याच्या हनुवटीला बोट लावलं, मान वळवून आजीची हनुवटी नीट न्याहाळली आणि विचारलं,

"आई, आजीला दाढी कुणी लावली?"