झाकलेलं चाक

“एक चाक उघडं, एक चाक झाकलं, झाकल्यानं उघड्याचं घर राखलं.”

सासरे जाऊन सहा वर्षं झाली, पण जॅकचा दांडा हलला की त्यांचा हा सूर त्याच्या कानात उठायचा. त्यांच्या हाताखाली त्याला मिळालेला पहिला धडा हाच. मागचे ब्रेक बदलताना दोन्ही चाकं एकदम खोलायची नाहीत. कुठला भाग कुठं होता ते विसरलं, तर न खोललेलं चाक सांगतं.

आज अंगणात पिकअप मागून उचलून ठोकळ्यांवर टेकवली होती. त्याचं उजवं मनगट प्लास्टरमध्ये, म्हणून पाना बायकोच्या हातात. उद्या गाडीही तीच नेणार होती. शेजारी छकुली, मागं माल आणि पुढं घाटाचा उतार.

तिनं डावा ड्रम, ब्रेकवरचं लोखंडी झाकण, ठोकून काढला. काळी धूळ उडाली आणि आतून ड्रमला घासून चाक थांबवणारे दोन कमानदार ब्रेक शू उघडे पडले.

“अहो, यात दोन्ही शू लांब पट्टीचे. नव्या शूंच्या खोक्यात तर दोन लांब, दोन आखूड आलेत.”

तो वाकून पाहू लागला. “असं?”

“थांबा, बाबांचं झाकलेलं चाक विचारते.” ती उजवीकडं गेली, ड्रम काढला आणि हसली. “इकडं दोन्ही आखूड! म्हणजे या गाडीची पद्धतच ही. गॅरेजवाल्यानं गेल्या वर्षी बसवलेत ना? वीस वर्षांचा हात आहे त्याचा. तसंच बसवते.”

आखूड पुढं, लांब मागं. प्रत्येक चाकाला एकेक, नाहीतर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते. हे त्याला झोपेतही येत होतं. आणि गेल्या वर्षी घाईत दोन्ही चाकं खोलून चारही शू एकाच घमेल्यात टाकणारे हातही त्याला ठाऊक होते. गॅरेजला द्यायचे पैसे वाचवले आणि घरात थाप मारली. आज ती थाप साक्षीला उभी होती, दोन्ही बाजूंनी.

“अहो, मान तरी हलवा. की न्हाणीत घसरलात तेव्हा मानेलाही प्लास्टर घातलं?”

त्यानं मान हलवली. हो की नाही, त्याचं त्यालाच कळलं नाही.

पायरीवर छकुली उद्याचे बूट आजच घालून बसली होती. “आई, मी खिडकीशी बसणार!”

खिडकीशी. म्हणजे दरीकडं.

बायकोनं डाव्या चाकावर दोन लांब शू ठेवले, पकडीनं स्प्रिंग ताणली. आकडा भोकात बसला. खट्.

“काढ ते.”

“काय?”

“काढ म्हणतो! गॅरेजवाल्यानं या गाडीला हातसुद्धा लावलेला नाही. मी बसवले. दोन्ही चाकं एकदम उघडून.” त्यानं प्लास्टरचा हात छातीशी धरला. “आणि मी न्हाणीत घसरलो नव्हतो गं. उतारावर ब्रेक दाबला, गाडी दरीकडं ओढली गेली. स्टिअरिंगनं मनगट मोडलं.”