फक्त डॉक्टरांसाठी

धाकटीचा फोन आला तेव्हा थोरली ऑफिसात होती.

"ताई, माझा रिपोर्ट नणंदेनं वाचला. मला मूल होणार नाही हे सासूबाईंपर्यंत पोचलंसुद्धा. नणंद दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते गं, डॉक्टर थोडीच आहे? तुमचंच सॉफ्टवेअर ना ते?"

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सॉफ्टवेअर तिच्याच टीमचं. तिनं कोड उघडला. मूळ क्लासात, म्हणजे कोडच्या मूळ साच्यात, रिपोर्ट दाखवणाऱ्या मेथडच्या डोक्यावर 'फक्त डॉक्टर' असं ॲनोटेशन, कुणाला आत सोडायचं ते सांगणारी पाटी, ठसठशीत बसलं होतं. प्रयोगशाळेसाठी त्यावरून नवा क्लास काढताना टीम लीडनं तीच मेथड नव्यानं लिहिली होती, आणि तिच्या डोक्यावर काही म्हणजे काही नव्हतं. या या, कुणीही या!

टीम लीडला सगळे पाठीमागं 'चालतंयराव' म्हणत. थोरली थेट त्याच्या टेबलापाशी गेली.

"ॲनोटेशन कुठं गेलं?"

"पेरेंटमध्ये, मूळ क्लासात, आहे की. त्यावरून काढलेल्या चाइल्डला आपोआप मिळतं."

"मेथड मिळते! ती तुम्ही परत लिहिलीत, की तिच्यावरचं ॲनोटेशन खाली येत नाही. तेही परत लिहावं लागतं. क्लार्कच्या लॉगिननं एकदा तरी उघडून बघितलंत?"

"चालत होतं ना पण?"

"चालत होतं! ज्याला नको त्यालाही चालत होतं!"

"बरं बाई, एक ओळ टाक, संध्याकाळपर्यंत दुरुस्ती दवाखान्यात चालू करून टाकू. दवाखान्याला कळवू नकोस. उगाच बोभाटा कशाला?"

माती खायची, वर तोंड पुसून मोकळं व्हायचं! थोरलीनं ती ओळ टाकली, क्लार्कच्या लॉगिननं तपासली, दवाखान्यात चालू केली, आणि त्याच्यासमोरच दवाखान्याच्या व्यवस्थापकांना फोन लावला. चूक आमची आहे, ज्यांचे ज्यांचे रिपोर्ट भलत्यांनी उघडले त्या सगळ्यांना कळवा, असं खणखणीत सांगितलं. चालतंयरावाचा चेहरा पडला. पडू दे मेल्याचा.

मग तिनं धाकटीला फोन केला.

"बंद केलं गं. आता नणंदेला काही दिसणार नाही."

"तिला आता काय बघायचं राहिलंय?" धाकटी हळू आवाजात बोलत होती. "सासूबाई ह्यांना घेऊन आतल्या खोलीत बसल्यात. दार लावून."

"तू जा ना आत!"

"जाऊन काय सांगू, ताई? ह्यांना मी सांगणार होते. मी."