विचार गळालेला शिक्का

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. मला पाहिले की मोठी माणसे गंभीर होतात, आणि लहान मुले मला तळहातावर मारून घेऊन खिदळतात. यात शहाणे कोण ते तुम्हीच ठरवा. ठरवणे हे माझे काम कधीच नव्हते. माझ्या अंगावर अक्षरेच तशी होती: ‘विचार चालू आहे’.

माझा जन्म एका जिन्याखालच्या दुकानात झाला. दुकान इतके लहान की कारागीर आत बसला की गिऱ्हाइकाला बाहेर उभे राहावे लागे. त्याने माझी लाकडी मूठ घासून गुळगुळीत केली, तिला पॉलिश दिले आणि खाली रबराची अक्षरे चिकटवली. शिक्क्यावरची अक्षरे उलटी असतात, हे तुम्हाला ठाऊकच असेल. त्यामुळे मला जन्मापासून जग उलटे दिसते. कचेरीत पुढे याचा फार उपयोग झाला.

एक गोष्ट मात्र आत्ताच सांगून ठेवतो. माझ्या आधी एका गिऱ्हाइकाने ‘विचार करून कळवू’ असा शिक्का सांगितला होता आणि मग विचार करून तो नेलाच नाही. कारागीर काटकसरी. त्याने त्यातला ‘विचार’ कापून मला लावला आणि शेजारी ‘चालू आहे’ ही नवी पट्टी जोडली. म्हणजे माझ्यातला विचार मुळात उसना, आणि बसवला होता तोही जरा सैलच.

तिथून मी प्रादेशिक वाहतूक मंडळाच्या कचेरीत आलो. आसपासच्या भागात कोणती बस कुठून कुठे धावावी, हे आमचे मंडळ ठरवते. त्यासाठी लागणारे पैसे मात्र राजधानीतून येतात. राजधानीत रस्त्यांचा, बसचा किंवा निधीचा नवा कायदा करायचा घाट घातला गेला की आधी त्याचा मसुदा आमच्याकडे येतो, ‘आपले म्हणणे कळवा’ अशी चिठ्ठी लावून. म्हणणे कळवण्यासाठी आम्ही तिघे भाऊ होतो. थोरला ‘पाठिंबा आहे’, मधला ‘विरोध आहे’ आणि धाकटा मी. एका गोल स्टँडवर आम्ही माना खाली घालून लटकत असू.

साहेब दर वेळी मलाच निवडत. पाठिंबा द्यावा तर उद्या दुसरे सरकार येईल, विरोध करावा तर आजचे सरकार रुसेल. ज्याचा विचार चालू आहे त्याचा निधी कुणी अडवत नाही. देतही नाही, पण तो मुद्दा वेगळा. साहेब मनाने वाईट नव्हते, फक्त ठरवायची वेळ आली की त्यांना घाम फुटे. शिपायाने “चहा आणू का?” असे विचारले तरी ते “बघू या” म्हणत. बिचारा रोज अर्धा कप ठेवून जाई. म्हणजे नाही प्यायले तर अर्धाच वाया.

ते माझे भरभराटीचे दिवस होते. ‘मंडळाची भूमिका नेहमी समतोल असते’ अशी राजधानीत आमची ख्याती झाली. भावांचे रबर न वापरल्याने तडकले. मी मात्र रोज शाईने न्हात होतो. माझी देखभाल जावकताई करायची. कचेरीतून बाहेर जाणारा प्रत्येक कागद तिच्या टेबलावरून जाई, म्हणून तिचे हे नाव पडले. जुन्या टूथब्रशने ती माझ्या अक्षरांतली धूळ काढी, मला फुंकर घाली आणि मूठ पदराने पुशी.

जावकताईच्या सासूबाई टेकडीपल्याडच्या वस्तीत राहत. स्वतःचे दोन खोल्यांचे घर, चार कोंबड्या आणि एक लिंबाचे झाड. सकाळच्या बसने त्या खाली येत, दिवसभर नातीला सांभाळत आणि संध्याकाळच्या बसने परत जात. थांबा आमच्या कचेरीच्या दारातच होता. म्हणून बस येईपर्यंत त्या जावकताईच्या टेबलासमोरच्या बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन बसत. बसमध्ये बहुधा त्या, एक गवंडी आणि वस्तीवरची दाई एवढेच प्रवासी. मंडळ हा तोटा कसाबसा सोसत होते.

अशात एके दिवशी छोट्या मार्गांचे विधेयक आले. थोडे प्रवासी असलेले मार्ग चालवायला सरकार पैसे देणार होते. त्यासाठी एका छापील तक्त्यात प्रत्येक मार्गापुढे ‘चालू’ की ‘बंद’ ते लिहून द्यायचे होते. उत्तर संदिग्ध असेल तर मार्ग बंद धरला जाईल आणि खाडाखोड आढळली तर सगळा तक्ताच बाद होईल, अशी खाली तळटीप होती. तक्ता एकच आला होता.

त्या संध्याकाळी जावकताईने ती तळटीप बाकावरच्या सासूबाईंना वाचून दाखवली. मग सासूबाई म्हणाल्या, “बस बंद झाली तर काय गं?”

“काय म्हणजे? आमच्याकडे राहायचं, कायमचं.”

खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले.

“तू गुणाची आहेस गं,” सासूबाई म्हणाल्या. “पण भाजी कशी चिरायची ते तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.”

“आणि तुम्ही सांगितलंत की मला राहवत नाही, आई.”

“तेच म्हणते मी. आपलं एवढं छान चाललंय ते मधल्या टेकडीमुळे. आणि माझ्या कोंबड्या काय तुझ्या गॅलरीत ठेवू?”

मंडळाची बैठक झाली. सदस्यांनी बराच वेळ चर्चा करून चर्चा पुढे ढकलली. मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला. बाकीच्या मार्गांवर गर्दी होती, त्यामुळे तिथे ‘चालू’ लिहायला साहेबांना धीर झाला. टेकडीच्या मार्गापुढची चौकट तेवढी कोरी राहिली. टपालाची गाडी यायची वेळ झाली तेव्हा साहेब खोलीतून बाहेर आले.

“बाई, टेकडीपुढे आपला नेहमीचा मारा.”

“साहेब, नेहमीचा मारला तर बंद धरतील.”

“असं कसं? विचार करणं म्हणजे बंद करणं नव्हे.”

“त्यांनी तळटीप दिलीय तशी.”

“मग तळटीप देताना त्यांनी विचार करायला हवा होता.”

“चालू लिहू का?”

“आणि विधेयक पडलं तर? पैसे नाहीत, आणि बस आपल्या गळ्यात!”

“मग बंद लिहू?”

साहेबांनी बाकाकडे पाहिले. “बंद असं मी कुठे म्हटलं?”

तेवढ्यात सासूबाईंनी तोंड उघडले. “अहो साहेब, एक विचारू? रस्ता ओलांडताना तुम्ही मधेच उभे राहता का हो?”

“मी गाडीने येतो, आजी.”

“मी पण गाडीनेच येते. पण माझी गाडी तुमच्या हातात आहे ना!”

साहेब ओशाळून हसले, “बघू या” म्हणाले आणि खोलीत गेले.

जावकताईने मला उचलले. मित्रांनो, इतक्या वर्षांत तिने मला कधी रागाने हात लावला नव्हता. त्या दिवशी मात्र तिने मला शाईच्या गादीवर असे आपटले की माझ्या मुठीपर्यंत झिणझिण्या आल्या. मग मी कागदावर उतरलो. उतरताना अंग जरा हलके वाटले. तिने मला उचलले आणि ती पाहतच राहिली. कागदावर ठसठशीत उमटले होते: ‘चालू आहे’. उसना विचार गादीत चिकटून राहिला होता.

सासूबाई उठून डोकावल्या. त्यांचा चेहरा फुलला. जावकताईचा मात्र उतरला. लबाडी तिच्या रक्तात नव्हती. ती तक्ता, गादी आणि मला घेऊन थेट साहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

“साहेब, विचार गेला.”

“कुणाचा?”

“आपला. गादीला चिकटला.”

साहेबांनी कागद पाहिला. मला उलटे करून पाहिले. “खोडून टाकू या?”

“खाडाखोड केली तर अख्खा तक्ता बाद होतो.”

“नवा शिक्का?”

“त्याला तीन दुकानांचे दर मागवावे लागतील. टपालाची गाडी खाली उभी आहे.”

“मग आता काय करायचं?” साहेबांना घाम फुटू लागला.

जावकताईने तक्ता त्यांच्यापुढे सरकवला. “काहीच केलं नाही, तर हे आहे तसं जाईल, साहेब.”

“काहीच करायचं नाही?”

“फक्त सही.”

साहेबांचा चेहरा हळूहळू उजळला. काहीच न करता काहीतरी करता येते, हे त्यांना प्रथमच उमगत असावे. त्यांनी दाराबाहेर पाहिले. सासूबाई बाकावर पिशवी घट्ट धरून बसल्या होत्या. “आजी,” साहेबांनी आतूनच विचारले, “तुमची बस वेळेवर येते ना?”

“येते की. अजून तरी येते.”

साहेबांनी सही केली. तीही एका दमात, पेन न उचलता. मग घंटी वाजवून शिपायाला बोलावले आणि म्हणाले, “चहा आण. भरून आण.” शिपाई इतका गोंधळला की त्याने दोन कप आणले. दुसरा सासूबाईंना मिळाला.

पुढे विधेयक मंजूर झाले. निधी आला. टेकडीची बस सुरू राहिली. बाकीच्या मंडळांनी छोट्या मार्गांपुढे लांबलचक निवेदने जोडली होती, त्यामुळे आमच्या मंडळाची ‘ठाम आणि मोजक्या शब्दांत मांडलेली भूमिका’ राजधानीत वाखाणली गेली. साहेबांना ‘धाडसी निर्णय कसे घ्यावेत’ या विषयावर भाषणाचे आमंत्रणही आले. विचार करून कळवतो, असे त्यांनी कळवले आहे.

सासूबाईंनी मला हातात घेऊन सगळ्यांदेखत निकाल दिला, “दिसायला गरीब, पण हा शिक्का भलताच चालू आहे!” माझ्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी शाबासकी.

आता मी स्टँडवर नसतो. माझ्या जागी नवा शिक्का आला आहे: ‘सखोल विचार चालू आहे’. त्याचे रबर एकसंध आहे, चिकटवलेही पक्के आहे. त्याला माझ्या वाटेने यायला बराच काळ लागेल, पण मला घाई नाही. मी जावकताईच्या खणात असतो. दर वर्षी तो तक्ता पुन्हा येतो, आणि टेकडीच्या मार्गाची पाळी आली की ती मलाच बाहेर काढते. साहेब हल्ली तिथे काय मारायचे ते विचारतही नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादा जुना शिक्का असेल तर त्याला टूथब्रशने हलकेच पुसा, उन्हात ठेवू नका आणि मुख्य म्हणजे वापरा. माझे दोन्ही भाऊ चांगले होते, कुणी हात न लावल्यामुळे वाया गेले. आणि कधी एखादा तुकडा गळून पडलाच, तर लगेच गोंद शोधायला धावू नका. उरले आहे ते आधी वाचून पाहा.

आता थांबतो. खाली हॉर्न वाजला. सासूबाई पिशवी उचलतात, दारातून वळून सुनेला भाजीबद्दल एक सूचना देतात, आणि सूनबाईने उत्तर द्यायच्या आत बस निघून जाते.