दुपारची चार हजार पावलं

मला गळा नाही, त्यामुळे गळ्याची शपथ घेता येत नाही. तरी खरं तेच सांगतो. मी मनगटावर बांधायचा, पावलं मोजणारा काळा पट्टा आहे, आणि मी एका बाईला फसवलं आहे. मुद्दाम नाही. पण मुद्दाम काय नि चुकून काय, भोगणाऱ्याला सारखंच.

कारखान्यात पावलांबाबत माझ्या पोटात एकच अक्कल भरली गेली: हात हलला की पाऊल मोज. पायांशी माझी ओळखच कुणी करून दिली नाही. मग मी दुकानाच्या काचेमागे बसलो आणि तिथून तिच्या नवऱ्याने मला घरी आणलं.

छोटी तेव्हा आठ महिन्यांची होती. ती पोटात असताना माझ्या मालकिणीची साखर वाढली होती. बाळंतपणानंतर उतरली, पण पुरती नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "औषध आत्ताच नको. तीन महिने देते. जपलंत तर सुटाल."

सुटायचं कशातून, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिच्या आईला हेच दुखणं. आईच्या तळपायांना आता काही कळत नाही. गेल्या वर्षी काच रुतली, ती फरशीवर रक्त दिसल्यावर समजली. तो पाय मालकिणीने स्वतः धुतला होता. पुढे कधीतरी छोटीला आपला पाय असा धुवावा लागेल, या विचाराने तिची नाडी धडधडायची. नाडी मला कळते. तेवढं एक मी बरोबर मोजतो.

ज्या दिवशी मी आलो, त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर वाद पेटला.

"अगं, तोंड आवर आधी," तिची आई म्हणाली. "चालून काय होतंय? मी तीस वर्षं शाळेचे जिने चढले. खाण्यावर ताबा नव्हता, म्हणून ही गत."

"आई, नुसतं पथ्य पाळून काय उपयोग? अंग हलायला हवं," जावई म्हणाला. "रोज दहा हजार पावलं. बस्स!"

"तुम्ही किती चालता हो?"

"मी... हा पट्टा आणायला चालतच गेलो होतो की!"

मालकीण कपाळाला हात लावून बसली होती. "दोन्ही मला एकदम झेपणार नाहीत. छोटी, घर, सगळं बघून एकच काहीतरी जमेल. एकच काय ते सांगा."

तिने चालणं निवडलं. कारण चालणं मोजता येतं. आणि मोजायला मी होतो.

पहिले चार दिवस ती खरोखर चालली. मग छोटीला दात येऊ लागले आणि बाहेर पडणं राहिलं. थोपटल्याशिवाय छोटी झोपेना. दुपारी दोन ते साडेतीन मालकीण तिला मांडीवर घेऊन बसायची आणि डाव्या हाताने थोपटायची. त्या डाव्या हातावर मी. थप, थप, थप. मी आपला मोजतोय: पाऊल, पाऊल, पाऊल. दिवसाला चार हजार! शिवाय कणीक मळणं, डबे घासणं होतंच. संध्याकाळी दहा हजार भरले की मी थरथरायचो आणि अंगावर रंगीत फटाके उडवायचो.

"झाले बाई!" ती म्हणायची. एकदा तिने भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलंही. "खरंच? आज तर मी कुठे गेलेच नाही." तेव्हाच मला वाचा फुटायला हवी होती. पण फटाके उडत होते, आणि दिवसभरात तिचं कौतुक करणारं दुसरं होतं तरी कोण!

फटाक्यांनंतर ती निर्धास्त व्हायची. छोटीने ताटात उरवलेला मऊ भात, अर्धं केळं, चोखून भिजवलेलं बिस्किट ती सिंकपाशी उभ्या-उभ्याच संपवायची. टाकवत नसे. उभ्याने खाल्लेलं ती जेवणात धरत नसे. आणि मी? हात तोंडाशी गेला की कधीकधी तेही पाऊल म्हणून मोजायचो. आता सांगतानाही लाज वाटते.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. साखर वाढलेली!

"पण मी रोज दहा हजार पावलं चालते हो," ती रडवेली झाली. "मग आहारच महत्त्वाचा असतो का? की व्यायाम कमी पडला?"

डॉक्टरीणबाईंनी माझा तासागणिक हिशेब पाहिला. "दुपारी दोन ते साडेतीन रोज कुठे जाता चालायला?"

"दुपारी? छे, तेव्हा मी हिला झोपवते."

मांडीवर छोटी कुरकुरत होती. मालकीण सवयीने थोपटू लागली. डॉक्टरीणबाई माझ्याकडे टक लावून पाहत राहिल्या. माझ्यावरचा आकडा चढत होता: दोन हजार बत्तीस. अडतीस. पंचेचाळीस. मला थांबता येईना.

"आहार की व्यायाम, ते नंतर बघू," त्या हळूच म्हणाल्या. "आधी दोन्हीतलं एक तरी झालंय का?"

छोटीचं उरलेलं कोण संपवतं, तेही त्यांनी विचारून घेतलं. मग आणखी तीन महिने दिले, आणि एक काम सांगितलं: छोटीचं उष्टं दिवसभर एका वाडग्यात साठवा, संध्याकाळी बघा. पहिल्या संध्याकाळी वाडगा काठोकाठ भरला. मालकीण त्याच्याकडे बघत बसली. "आई," ती म्हणाली, "मी रोज एक जेवण जास्त जेवत होते गं." दुसऱ्या दिवसापासून छोटीला थोडंथोडंच वाढलं जाऊ लागलं.

आणि ती बाबागाडी घेऊन बाहेर पडली. दोन्ही हात दांड्यावर घट्ट. चाळीस मिनिटं चालली, घामाने निथळली. घरी येऊन तिने मला पाहिलं. मी दाखवलं: एकशे बारा. दांड्यावरचे हात हललेच नव्हते ना!

मला वाटलं, आता ही खचणार.

पण तिला हसू आवरेना. "मेल्या, बसले तर पळवतोस, चालले तर बसवतोस!" तिने मला सोडलं आणि छोटीच्या खेळण्यांत टाकलं. तेव्हापासून मी तिथेच आहे; छोटीचा बाबा अधूनमधून चार्ज करतो तेवढंच.

आज नवा रिपोर्ट आला. साखर उतरली आहे.

"मग? कशाने उतरली? खाण्याने की चालण्याने?" आईने विचारलं.

"माहीत नाही गं," मालकीण म्हणाली. "दोन्ही थोडंथोडं जमलं. आणि फटाके कुणी उडवले नाहीत."

त्याच वेळी छोटीने टोपलीतून मला ओढून आणलं. मालकिणीने मला शेवटच्या भोकात अडकवून छोटीच्या घोट्याला बांधलं. छोटी उभी राहिली, डुगडुगली, आजीच्या सुन्न पावलांकडे निघाली, आणि मधे एकदाही बसली नाही.

सतरा. त्यांत एक थोपटणं नाही, एक घास नाही. आता माझ्या बॅटरीत फटाक्यांपुरतं बळ उरलेलं नाही. पण बाई गं, तुझ्यापाशी कबूल करतो, ही सतरा मात्र खरी आहेत. जमलं तर मला माफ कर.