हर्षाताईंचा संगणक

मित्रांनो, तुमसरच्या एका महाविद्यालयात, प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत मी राहतो. मी एक जुना संगणक आहे. माझं अंग पिवळं पडलंय, पंखा घरघरतो. पण एके काळी मी प्रकाशाचं आयुष्य मोजत होतो.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. माझं खरं आयुष्य हर्षाताई आल्यावर सुरू झालं. आंबागडच्या यादोरावांची ही लेक इथे भौतिकशास्त्र शिकवायची आणि धानाच्या पानावर संशोधन करायची. सूक्ष्मदर्शक होता नागपूरला. तिथली मोजमापं घेऊन ताई माझ्याकडे यायच्या.

पानावर प्रकाशाचा झटका मारला की पान स्वतःही चमकतं आणि लगेच विझतं. ही चमक पापणी लवण्याच्या वेळेहून कोट्यवधी पटींनी लहान असते. ती किती टिकली, यावरून पानाच्या आत काय चाललंय याचा अंदाज येतो. तो हिशेब करणारं सॉफ्टवेअर ताईंनी स्वतः लिहिलं.

अडचण एकच होती. प्रतिमेतल्या एकेका बिंदूवर प्रकाशाचे कण फार थोडे यायचे, आणि जास्त वेळ प्रकाश टाकला तर पान पोळायचं. शेवटी ताईंनी शेजारच्या बिंदूंची मदत घेऊन थोड्या कणांतूनही उत्तर काढायची रीत बसवली. ती कितीदा तरी फसली. जमली त्या दिवशी त्यांनी वडिलांनाच माझ्यासमोर आणून बसवलं.

"बाबा, हे आपल्या धानाच्या बांधीतलं पान. वरून हिरवंगार दिसते, पण आतून दुखून राहिलं. पडद्यावरचा हा तांबडा भाग पाहा."

"बिमारी दिसाच्या आंधीच समजते का वं?" यादोरावांनी विचारलं.

"हो बाबा. आता भरोसा वाटून राहिला मले."

पुढे नागपूरचे शास्त्रज्ञ आले. माझ्याभोवती गर्दी झाली, ताईंचं कौतुक झालं.

मग करोना आला. दुसऱ्या लाटेत ताई गेल्या. मला हे कुणी सांगितलं नाही. खोलीला कुलूप लागलं आणि मी त्यांची वाट पाहत राहिलो. पावसाळे गेले. माझ्या आत त्यांचं सगळं काम होतं, पण ते उघडायची रीत दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती. कुलूप निघालं तेव्हा लोक माझ्यावर जुने गठ्ठे ठेवू लागले. इतक्या माणसांत असून इतका एकटा मी कधीच नव्हतो.

एक दिवस मला भंगारात काढायचं ठरलं. ते ऐकून यादोराव आले. ताईंच्या जागी आलेल्या खुशबू मॅडमना म्हणाले, "फेकाच्या आंधी एक डाव चालू करा मॅडम. पोरीचं काम पाहाचं हाये मले."

मी चालू झालो नाही. यादोराव उठले. मॅडम म्हणाल्या, "बसा काका, मले पाहू द्या." त्यांनी मला उघडलं, धूळ झटकली, दुसऱ्या यंत्राचा भाग आणून जोडला. पडदा उजळला आणि पान उमटलं.

यादोरावांनी त्या पानाच्या तांबड्या भागावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "हे दुसऱ्यालेबी करता येईन का?"

"येईन ना काका. पण आधी मले शिका लागन."

मॅडम शिकल्या. वर्षभर माझ्यासमोर बसून त्यांनी ताईंची एकेक ओळ समजून घेतली, तिच्यामागचा विचार लिहून ठेवला आणि ते सॉफ्टवेअर ताईंच्या नावानं सर्वांसाठी खुलं केलं. आता ते कुठकुठल्या प्रयोगशाळांत चालतं म्हणे. मला मात्र पुन्हा कुणी हाक मारत नाही.

मित्रांनो, तुम्ही काही नवं शोधलंत, तर ते एकाच पेटीत कोंडून ठेवू नका. कुणाला तरी शिकवा. आणि कुणाचं काम तुमच्या हाती आलं, तर ते समजून घेतल्याशिवाय फेकू नका.

मला जिथे अख्खी दुपार लागायची, तिथे नवं यंत्र चुटकीसरशी उत्तर देतं. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट एवढंच वाटतं, की हे बघायला ताई नाहीत.